चालतंय तोवर हात लावू नका

संगणक दुरुस्त करणाऱ्याने गिऱ्हाइकाला दिलेला सर्वांत जुना सल्ला म्हणजे ‘चालतंय तोवर हात लावू नका’. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या माणसाला तो बहुधा म्हापशात ऐकावा लागे, कारण संगणकाची खरेदी असो की दुरुस्ती, बऱ्याच जणांची वाट तिकडेच जाई. सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या फर्मवेअरचा प्रश्न निघाला की हा सल्ला जास्तच ठामपणे दिला जाई. फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम. चकती किती वेगाने फिरवायची, लेसर किती जोराने टाकायचा, वाचताना चूक आली तर किती वेळा मागे जायचे, हे तो ठरवतो. विंडोज बिघडली तर फॉरमॅट मारता येतो, पण हा प्रोग्राम बिघडला तर ड्राइव्ह ड्राइव्हच राहत नाही. हात न लावण्याची ही रीत अडाणीपणातून किंवा भित्रेपणातून आली, असे नव्या पिढीतल्या जाणकारांना वाटते. मला ते पटत नाही. ती रीत ज्या काळात पडली त्या काळाच्या हिशेबाने ती बरोबरच होती. पुढे ड्राइव्ह बदलले, त्यांचे बिघडणेही बदलले, आणि रीत मात्र तशीच चालत राहिली. चूक झाली असेल तर ती इथे.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यातल्या घराघरांत संगणक शिरला. राज्य सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळू लागले. परदेशस्थ गोवेकर आणि इथले स्वयंसेवक यांच्या पुढाकाराने अमेरिकेतून वापरलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स चढवून शाळांना देण्याचा प्रयत्नही त्याच सुमाराचा. कोरगावात, मांद्र्यात, साळ किंवा मयेत घरात आलेला हा पहिलाच संगणक असे आणि बहुधा एकुलता एक. त्याच्या पोटात सीडी-रॉम ड्राइव्ह असे. मग हळूहळू सीडी राइटर आले, नंतर डीव्हीडी राइटर. इंटरनेट होते ते टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटामिनिटाला बिल चढवणारे. म्हणून बाहेरची दुनिया घरात यायची ती चकतीवरून. गाणी, सिनेमे, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, मासिकांसोबत येणारी सॉफ्टवेअरे, लग्नाचे शूटिंग, जत्रेतले नाटक, दशावताराचा प्रयोग, सगळे त्या गोल प्लास्टिकवर. ड्राइव्ह बंद पडला की घरातला संगणक निम्मा मुका होई, आणि फर्मवेअरचा निर्णय या परिस्थितीत घ्यायचा होता.

फर्मवेअर बदलण्याचा मोह मुळात व्हावा का, असे कुणी विचारील. होण्यासारखी कारणे होती. डीव्हीडी राइटरच्या फर्मवेअरमध्ये एक यादी असते. प्रत्येक कोऱ्या चकतीवर तिच्या उत्पादकाचा संकेत कोरलेला असतो. ड्राइव्ह तो वाचतो, यादीत शोधतो आणि त्या चकतीला लेसर किती जोराने व किती वेळ द्यायचा ते ठरवतो. संकेत यादीत नसेल तर तो सावध होतो, सोळापटीची चकती चारपटीने लिहितो, किंवा लिहिता लिहिता शेवटच्या टप्प्यात हात टेकतो. भारतात मोझर बेअरसारखी कंपनी कोऱ्या चकत्यांच्या उत्पादनात जगातल्या मोठ्या नावांत होती आणि नवनव्या प्रकारच्या चकत्या बाजारात येत होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या राइटरला त्या ओळखीच्या नसत. नवे फर्मवेअर घातले की यादी वाढे आणि बिघडणाऱ्या चकत्या कमी होत.

दुसरे कारण गोव्याला जास्त जवळचे होते. १ जानेवारी २००० पासून बनणाऱ्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये प्रदेशाचे कुलूप ड्राइव्हच्या आतच बसवण्याचे बंधन आले. जगाचे विभाग पाडले होते. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, पश्चिम युरोप आणि आखाती देश दुसऱ्या. वापरणाऱ्याला विभाग पाचच वेळा बदलता येई, नंतर ड्राइव्ह शेवटच्या विभागात कायमचा अडके. ज्या गावात दर चार घरांमागे कुणी ना कुणी कुवेत, दुबई, मस्कत किंवा बोटीवर आहे, तिथे सुट्टीवर येताना आणलेली डीव्हीडी दुसऱ्या विभागाची आणि गावच्या दुकानातली पाचव्या, हा रोजचाच घोळ. हे कुलूप काढणारी बदललेली फर्मवेअरे जगभर फिरत होती. ती कंपनीची नसत, वॉरंटी जाई, आणि कायद्याच्या दृष्टीनेही प्रकरण सरळ नव्हते. तरी मोह होता हे मान्य केले पाहिजे.

मग म्हापशातला दुरुस्तीवाला ‘नको’ का म्हणे? याचे नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे वीज. गोवा स्वतः नावापुरतीच वीज बनवतो, राज्याबाहेरून येणाऱ्या तारांवर त्याची भिस्त आहे, आणि पेडणे-डिचोलीत त्या तारा गावागावापर्यंत झाडीतूनच जातात. मेमधला वळीव आणि जूनचा पहिला पाऊस आला की फांदी तारेवर पडते आणि लाइट जाते. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात यात नवल नाही. फर्मवेअर बदलताना आधी चिपवरचा जुना प्रोग्राम पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. दोहोंच्या मध्ये वीज गेली तर चिप कोरी राहते, आणि पुढच्या वेळी संगणक ड्राइव्हला ओळखतच नाही. भीती खरी आहे. पण जरा हिशेब करून पाहू. या कामाला एक मिनिट लागते असे धरा. दिवसातून पाच वेळा वीज गेली तरी नेमक्या त्या मिनिटात ती जाण्याची शक्यता साधारण तीनशेत एक. शिवाय वीज गेल्यावरही संगणक थोडा वेळ चालू ठेवणारी यूपीएस नावाची वस्तू बाजारात होतीच. एवढ्या लहान धोक्यावर अख्खी रीत उभी राहणार नाही. वीज हे सांगायला सोपे कारण होते. खरे कारण निराळे असले पाहिजे.

ते कारण मला दोन गोष्टींत दिसते. पहिली, परतीची वाट नव्हती. फर्मवेअर चुकीचे गेले तर ते दुरुस्त करण्यासाठी दुसरा संगणक हवा, नेट हवे, त्याच मॉडेलची फाइल हवी. एकाच कंपनीच्या दिसायला हुबेहूब दोन ड्राइव्हचे मॉडेल एका अक्षराने वेगळे असे, आणि एकाची फाइल दुसऱ्याला चालेलच असे नव्हते. वरच्या पट्टीवरचे लेबल वाचायचे तर खोके उघडून, चार स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर घ्यावा लागे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : न बदलण्याची किंमत फार थोडी होती. नवी चकती ड्राइव्हला झेपत नसेल तर दहा-पंधरा रुपयांत दुसऱ्या कंपनीची चकती मिळे, किंवा लिहिण्याचा वेग कमी करून काम भागे. सिनेमाची डीव्हीडी विभागामुळे अडली तर घरातला स्वस्त चिनी प्लेअर ती बिनतक्रार लावी. नंतर २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा बाहेरून चकत्या आणण्याचे कारणही उरले नाही. एका बाजूला दोन-अडीच हजारांचा ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला पंधरा रुपयांची चकती. तागडी कुठे झुकणार हे सांगायला अर्थशास्त्री नको. दुरुस्तीवाल्याने हा हिशेब कागदावर मांडला नव्हता, पण त्याचे उत्तर बरोबर होते.

या रीतीला पहिला धक्का बसला तो मात्र भलत्याच दिशेने. ऑक्टोबर २००३ मध्ये मॅन्ड्रेक लिनक्सची ९.२ ही आवृत्ती आली. ती चढवताना जगभरात एलजीचे कित्येक सीडी-रॉम ड्राइव्ह मेले. कारण शोधले तेव्हा जे निघाले ते चक्रावणारे होते. समोरचा ड्राइव्ह लिहिणारा आहे की नुसता वाचणारा, हे कळावे म्हणून ही आवृत्ती ड्राइव्हला एक साधी आज्ञा देई : साठवलेला मजकूर चकतीवर उतरव. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हने ‘ही आज्ञा मला लागू नाही’ एवढे उत्तर देणे अपेक्षित होते. एलजीने आपल्या काही ड्राइव्हमध्ये तीच आज्ञा नवे फर्मवेअर घेण्यासाठी वापरली होती. आज्ञा मिळताच बिचारा ड्राइव्ह फर्मवेअर घ्यायला तयार झाला, फर्मवेअर काही आलेच नाही, आणि चिपवरचे होते तेही गेले. वापरणाऱ्याने फर्मवेअरचा विचारही केला नव्हता. तो फक्त लिनक्स चढवत होता. आपल्याकडे तेव्हा ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांबरोबर लिनक्सच्या चकत्या येत आणि हौशी मुले त्या लावून पाहत, हे लक्षात घेतले की ही बातमी लांबची राहत नाही. हात न लावणे म्हणजे सुरक्षित राहणे, हे समीकरण त्या महिन्यात मोडले. तरी रीत मोडली नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. लोकांनी त्यातून उलटच बोध घेतला : बघा, ड्राइव्हच्या फर्मवेअरशी कुणी नुसते बोलले तरी तो मरतो.

खरी कलाटणी आली ती हार्ड डिस्कच्या बाबतीत. सीडी ड्राइव्ह गेला तर पैसे जातात. हार्ड डिस्क गेली तर तिच्यातले सगळे जाते, म्हणून इथे हिशेबाची दोन्ही पारडी जड होतात. २००८ च्या शेवटी सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या डिस्क सकाळी संगणक सुरू केल्यावर दिसेनाशा होऊ लागल्या. आदल्या रात्रीपर्यंत त्या नीट चाललेल्या असत. डिस्क स्वतःच्या घडामोडींची एक अंतर्गत नोंदवही ठेवते. त्या वहीतली गणती एका ठरावीक जागी आलेली असताना वीज बंद होऊन पुन्हा आली, तर एसडी१५ सारख्या काही फर्मवेअरमधल्या चुकीमुळे डिस्क सुरू होतानाच अडकून पडे. आतला मजकूर शाबूत, पण दार बंद. म्हणजे घसरण, झीज, धूळ, दमट हवा यांतले काहीच कारण नव्हते. डिस्क ठणठणीत होती आणि फर्मवेअरने तिला मारले. हात न लावणाऱ्याच्या विरोधात गेलेला हा पहिला मोठा पुरावा. त्यातही एक गोष्ट आपल्या तालुक्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चूक उघडी पडायची ती संगणक सुरू होण्याच्या क्षणी. चोवीस तास वीज असलेल्या ठिकाणी संगणक आठवड्यातून एकदा बंद-चालू होत असेल. पावसाळ्यातल्या पेडण्यात तो दिवसातून चार वेळा होऊ शकतो. जितक्या वेळा सुरू करणार तितक्या वेळा फासा पडणार. ज्या विजेच्या भीतीने फर्मवेअर बदलायचे नाही असे ठरवले, तीच वीज जुने फर्मवेअर ठेवण्याचा धोकाही वाढवत होती.

इथे विरोधक ताबडतोब उरलेली अर्धी गोष्ट सांगेल, आणि त्याला तो हक्क आहे. जानेवारी २००९ मध्ये सीगेटने एसडी१ए हे दुरुस्त फर्मवेअर घाईने काढले. ते घातल्यावर काही ५०० जीबीच्या चालू डिस्कच अडकल्या. कंपनीला ते काढून घ्यावे लागले आणि पुन्हा तपासून द्यावे लागले. म्हणजे पहिल्या दिवशी धावत जाऊन बदल करणारे फसले, आणि वर्षभर न बदलणारेही काही फसले. वाचले ते दोन-तीन आठवडे थांबलेले लोक, ज्यांनी मधल्या काळात आपला मजकूर दुसरीकडे उतरवून घेतला. या घटनेतून मला जो धडा दिसतो तो ‘बदला’ असाही नाही आणि ‘बदलू नका’ असाही नाही. निर्णयाची वेळ हाही निर्णयाचाच भाग आहे, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झाले. प्रत्यक्ष काम कसे करावे लागे तेही पाहण्यासारखे आहे. फाइल उतरवायची, ती कोऱ्या सीडीवर लिहायची, संगणक त्या सीडीवरून सुरू करायचा, काळ्या पडद्यावर डिस्कचे मॉडेल आपल्या लेबलाशी जुळते का ते बघायचे, मग कळ दाबून हात बाजूला घ्यायचे, आणि झाल्यावर वीज पूर्ण बंद करून पुन्हा द्यायची. हार्ड डिस्क वाचवायची तर चालू सीडी राइटर हवा, हा त्यातला गमतीचा भाग. सीडी ड्राइव्हला हात न लावता तो जपणाऱ्यांना त्याचा असा उपयोग झाला असेल.

पुढे एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्क आल्या आणि ‘काळाने मरणारे’ फर्मवेअर हा एक वर्गच तयार झाला. २०१२ च्या जानेवारीत क्रुशियलने आपल्या एम४ डिस्कसाठी दुरुस्ती काढली. ती डिस्क एकूण ५,१८४ तास चालली की अडकत असे, पुन्हा सुरू केली की तासाभराने परत अडके. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने तिच्या काही सर्व्हर डिस्कबद्दल इशारा दिला : ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास पूर्ण होताच डिस्क आणि तिच्यातला मजकूर दोन्ही कायमचे गेले समजा. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही डिस्कबद्दल तसाच इशारा आला, तिथे आकडा ४०,००० तासांचा होता. यातला ३२,७६८ हा आकडा दोनचा पंधरावा घात. तास मोजणाऱ्या खान्यात ती संख्या मावत नव्हती, एवढीच ती चूक असावी. एकाच दिवशी बसवलेल्या चार डिस्क एकाच तासाला जातात, त्यामुळे ‘एक गेली तर दुसरी आहे’ हा दिलासाही इथे उपयोगाचा नाही.

आता हाच आकडा पेडणे-डिचोलीतल्या संगणकांना लावून पाहा. घरात रोज तीन तास चालणाऱ्या संगणकाला ३२,७६८ तास व्हायला जवळपास ३० वर्षे लागतील. त्या घराला अशा चुकीची चिंता करण्याचे कारण नाही, तिथे जुना सल्ला आजही शोभतो. पण रोज आठ तास चालणाऱ्या कार्यालयात ५,१८४ तास पावणेदोन वर्षांत भरतात. आणि जे यंत्र कधी बंदच होत नाही त्याला पावणेचार वर्षे पुरेशी आहेत. असा संगणक आता कुठे आहे? पतसंस्थेत आहे, इस्पितळात आहे, हरमल-मोरजीच्या हॉटेलांत कॅमेऱ्यांचे चित्रण साठवत बसलेला आहे, कॉलेजच्या सर्व्हर खोलीत आहे. २००३ मध्ये या दोन तालुक्यांत अशी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी असतील. तुयेत इलेक्ट्रॉनिक सिटीची योजना आली, मोपावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, तोवर अहोरात्र चालणारी यंत्रे सगळीकडे झाली होती. सल्ला मात्र घरच्या संगणकासाठी तयार झालेला, तोच सर्व्हरला लावला गेला.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. फर्मवेअर बदलता येते म्हणजे ते कुणालाही बदलता येते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालात एका हेरटोळीने अनेक नामांकित कंपन्यांच्या हार्ड डिस्कचे फर्मवेअरच पुन्हा लिहिल्याचे दाखवले होते. फॉरमॅट मारूनही ते जात नसे. मग कंपनीच्या नावाने आलेल्या फाइलवर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर न बदलण्यात नाही. चोर तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही, एलजीच्या ड्राइव्हनेही पाहिली नव्हती. या आक्षेपातून एवढेच सिद्ध होते की फाइल फक्त उत्पादकाकडूनच घ्यावी. कुलूप काढणारी, यादी वाढवणारी, कुणीतरी ‘सुधारलेली’ फर्मवेअरे घेण्याचा काळ संपला. ‘कंपन्या उगीच अपडेट काढतात’ या तक्रारीतही तथ्य आहे, आणि तिचे उत्तर अपडेटसोबतच्या चार ओळींत असते. वेग वाढला, नव्या चकत्या ओळखल्या, अमुक मदरबोर्डबरोबर जमले, असे लिहिले असेल तर सोडून द्यावे. मजकूर नाहीसा होतो, ड्राइव्ह दिसेनासा होतो, अमुक तासांनंतर बंद पडतो, असे लिहिले असेल आणि आपले मॉडेल त्यात असेल, तर मात्र जुन्या रीतीला रामराम म्हणावा.

म्हणून पतसंस्थांच्या, शाळांच्या, देवस्थान समित्यांच्या कारभाऱ्यांना सांगणे असे. आपल्या डिस्कचे मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक एकदा लेबलावरून उतरवून ठेवा. दुरुस्ती आली असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, मजकुराची प्रत घ्या, ती उघडून पाहा, आणि काम यूपीएसवर, पावसाळा सोडून करा. मे महिन्याचा भरवसा धरू नका. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गोव्याची झाडे आणि विजेचे खांब कसे झोपवले ते विसरण्याइतके जुने नाही. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या बाबतीत मात्र निर्णय घ्यायला काही उरलेलेच नाही. सोनीने आपली ऑप्टिआर्क ही ड्राइव्ह बनवणारी कंपनी २०१३ मध्ये बंद केली, नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हची खाच नसते, आणि २००५ च्या राइटरसाठी आज कुणी नवे फर्मवेअर लिहीत नाही. गावच्या जत्रेतल्या नाटकाची किंवा दहीकाल्याची एकच चकती कपाटात असेल, तर चालू ड्राइव्ह मिळतो आहे तोवर ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि एक प्रत गावाबाहेर कुणाकडे तरी ठेवा.